फणसासाठी नगारा

खूप खूप पूर्वी, इतक्या पूर्वी की खाडीला अजून नावसुद्धा पडलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. ऐकणारे लहान असोत की मोठे, जरा सावरून बसा, कारण हिच्यात नगारा आहे.

त्या खाडीच्या तोंडाशी एक बेट होतं आणि बेटावर एक गाव. गावाच्या टोकाला देऊळ, आणि देवळाच्या ओट्यावर गाडीच्या चाकाएवढा नगारा. गावाची रीत अशी, की ज्याच्या घरी आनंद होईल त्याने ओट्यावर यायचं, आनंद कशाचा ते मोठ्याने सांगायचं आणि टिपरू उचलून नगाऱ्यावर हाणायचं.

गाय व्याली, धडाम. रुसून गेलेली सून माहेराहून परतली, धडाम. कुणाच्या लोणच्याला वर्षभर बुरी आली नाही, तरी धडाम. बायका चुलीपुढे बसल्या बसल्या विचारायच्या, "आता कुणाचं काय बरं झालं?" आणि ते कळेपर्यंत त्यांना चैन पडायचं नाही.

या गावात आवडी नावाची एक तरुण आई राहत होती. नवरा होडी घेऊन मासे धरायला जाई आणि घरात ती नि तिची तान्ही लेक. आवडी शहाणी होती, पण काळजी करण्यात तिचा हात धरणारं बेटावर कुणी नव्हतं. लेक रडली की तिला वाटे, काहीतरी दुखतंय. हसली की वाटे, पोटात वारा धरला असेल. आणि गाढ झोपली, की आवडी तिच्या नाकापुढे बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघे. त्यात लेक जागी होऊन भोकाड पसरे, आणि मग कुठे आईचा जीव भांड्यात पडे.

लेकीला पहिला दात आला तेव्हा शेजारच्या मथुकाकू धावतच आल्या. "अगं, बसलीस काय? जा, हाण नगारा."

"एकच तर आलाय, काकू. सगळे येऊ देत."

लेक रांगायला लागली. "आधी चालू दे," आवडी म्हणाली. "मग एकदमच वाजवीन. असा वाजवीन की बेट हलेल."

मनातलं मात्र वेगळंच होतं. आज 'मी सुखात आहे' असं चारचौघांत ओरडून सांगितलं आणि उद्या लेकीला ताप भरला तर? सुख घरात आलंय हे सुखालाच कळू द्यायचं नाही, म्हणजे ते जायचंही विसरेल, असं काहीसं तिचं गणित होतं.

एक दिवस देवळाकडून धडाम झालं. ठोका मथुकाकूंचा. त्यांनी स्वतः लावलेल्या फणसाला पहिलं फळ धरलं होतं. खुसखुशीत गऱ्यांचा कापा निघतो की गिळगिळीत बरका, या चिंतेत काकूंनी किती वर्षं त्या झाडाला पाणी घातलं होतं. फळ पिकल्यावर फोडलं, आणि निघाला कापा. चीक लागू नये म्हणून लावलेल्या तेलाचे हात तसेच घेऊन काकू ओट्याकडे पळाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर आवडी म्हणाली, "काकू, फणसासाठी नगारा? उद्या भात मऊ शिजला म्हणून वाजवाल."

बोलायचं म्हणून बोलली. बायका खळखळून हसल्या, मथुकाकूही हसल्या. पण घरी जाऊन त्यांनी गरे कुणाला न वाटता झाकून ठेवले, आणि पुन्हा ओट्यावर पाऊल टाकलं नाही.

मग प्रत्येक जण आपापला आनंद तोलून बघायला लागला. एवढ्याशासाठी गेलो तर हसतील. वासरू काय, सगळ्यांकडेच असतं. सून परतली, पण टिकेल कशावरून? बघता बघता नगारा गप्प झाला. चुलीपुढून कुणी काही विचारेना. शेजाऱ्याकडे बरं चाललंय की वाईट, हेच कुणाला कळेना, म्हणून मग वाईटच चाललं असेल असं धरून लोक एकमेकांकडे जायचं टाळू लागले.

आणि एका सकाळी, होड्या खाडीत दूर गेलेल्या असताना, धुकं उतरलं.

असं धुकं, की आपलाच हात आपल्याला दिसेना. बेटाभोवती तर नुसते खडक. बायका चाचपडत देवळाकडे धावल्या. लेकीला कडेवर घेऊन आवडी सगळ्यांच्या पुढे.

म्हाताऱ्या गुरवाने टिपरू हाणलं. आवाज आला, बद्द. ओलं पोतं पडावं तसा.

"कातडं ओल धरून बसलंय," गुरव म्हणाला. "रोज वाजत होतं तोवर त्याला ओल धरायला फुरसत नव्हती."

तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं. धुक्यात होड्या परत कशा येतात, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. गावात कुणाचं ना कुणाचं काहीतरी बरं झालेलं असायचंच. त्या आवाजाच्या रोखाने वल्ही मारली, की घर.

आवडीने लेक एकीच्या हाती दिली, टिपरू हिसकावलं आणि सगळं बळ लावून उगारलं. गुरवाने तिचं मनगट धरलं.

"फाडशील, पोरी. मी निखारे आणतो, कातड्याला शेक देतो. तू हलक्या हाताने मारत राहा. थोडं थोडं, पण थांबायचं नाही. ते ताणलं, की मग जोर."

निखारे आले. आवडी मारू लागली, पण डोळे सारखे खाडीकडे वळत होते आणि ठोका काठावरच पडे.

"अशाने नाही व्हायचं," गुरव म्हणाला. "रीत विसरलीस का? आधी आनंद सांग, मग मार."

"आनंद? बाबा, माझा माणूस तिकडे खडकांत आहे."

"आजचा नको. मागचे सांगायचे राहिलेत ना, ते सांग."

आवडीने डोळे पुसले. "लेकीला दात आला," ती पुटपुटली. थप्.

"मग दुसरा आला." थप्. "दोन्ही दातांनी ती माझ्या नाकाला चावली." मागून कुणीतरी फिसकन हसलं. थप्, थप्. "मी कुठूनही बोलले तरी ती माझ्याकडे मान वळवते. रांगत उंबऱ्यापर्यंत येते आणि तिथे बसून टाळ्या वाजवते."

डोळे खाडीवरून नगाऱ्याकडे कधी आले, तिला कळलंही नाही. टिपरू आता बरोबर मध्यावर पडत होतं. ढब, ढब.

"मला दे," एक सून पुढे आली. "काल माझ्या आमटीला सासूबाईंनी नावं ठेवली नाहीत."

"जेवलेच नव्हते मी काल," सासू मागून म्हणाली, आणि अख्खा ओटा हसला. ढब, ढम.

"मथुकाकू कुठे आहेत?" आवडीने विचारलं. काकू खांबाआड उभ्या होत्या. आवडीने टिपरू त्यांच्या हातात दिलं आणि मान खाली घातली. "काकू, तुमचा फणस."

"कापा निघाला," काकू हळूच म्हणाल्या.

"मोठ्याने सांगा. खाडीत ऐकू जायला हवं."

"कापा निघाला," काकू गरजल्या. "आणि गरे मधासारखे."

धडाम.

कातडं ताणलं होतं. मग कोण थांबतंय? दडवलेलं वासरू बाहेर आलं, परतलेली सून आली, बुरी न आलेलं लोणचं आलं. धडाम, धडाम, धडाम. आणि धुक्यातून हाक आली, "थांबू नका, वाजवत राहा."

एकेक होडी काठाला लागली. आवडीच्या नवऱ्याची सगळ्यांत शेवटी. गुडघाभर पाण्यात उडी मारून तो वर आला आणि धापा टाकत म्हणाला, "एवढं वाजतंय, कुणाकडे काय झालं?"

"मथुकाकूंचा फणस कापा निघाला," आवडी म्हणाली, आणि रडता रडता हसायला लागली.

त्यानंतर त्या नगाऱ्याला कधी ओल धरली नाही. आवडीने काळजी करणं काही सोडलं नाही, लेकीच्या नाकापुढे बोट ती अजूनही धरायची. पण सकाळ झाली की ओट्यावर हजर.

"आज काय?" गुरव विचारायचा.

"छान झोपली होती," ती म्हणायची, आणि हाणायची.

तात्पर्य: सुख पुरं होण्याची वाट बघत बसू नका; ते इवलंसं असतानाच बोलून दाखवा, त्या आवाजावर कुणालातरी घरची वाट सापडते.