घाण्याचा दोर कोणी पाहिला?

डोंगरापलीकडच्या जंगलात एका अस्वलाचा तेलाचा घाणा होता. वडाच्या फांदीवरून वेलींच्या जाड दोराने एक अवजड दगड टांगलेला असे. त्याच्याकडे कामाला असलेल्या साळू नावाच्या साळिंदरीने खाली बसून मोहाच्या बिया पसरायच्या, ती बाजूला झाली की अस्वलाने दगड बियांवर सोडायचा, अशी कामाची रीत. रोज सकाळी अस्वल त्या दोरावरून टोकापासून टोकापर्यंत पंजा फिरवी आणि मगच साळू दगडाखाली जाई.

पुढे धंदा वाढला. अस्वलाने दोराच्या देखभालीचा ठेका माकडांना दिला आणि पंजा फिरवणे सोडून दिले. "दोराचं काय ते आता माकडं बघतील!" म्हणत ते स्वस्थ झाले. बालमित्रांनो, असे स्वस्थ झालेले मालक पाहिले की आपण चार पावले लांबच उभे राहावे.

साळूचा तर जीव थाऱ्यावर नव्हता. वरून मधूनच 'कर्र' असा आवाज येई. ती दचकून वर पाही, चार बिया पसरी, पुन्हा वर पाही. शेवटी न राहवून ती म्हणाली, "मालक, एकदा तुम्ही पंजा फिरवा ना. मला खाली बसवत नाही."

"अगं, सगळं मीच बघायचं तर ठेका दिला कशाला?" अस्वल वैतागले. तरी त्याने माकडाला हाक मारली. माकड फांदीवरूनच म्हणाले, "तपासलाय मालक, एकदम पक्का!"

दुसऱ्या दिवशी बियांचे ढीगच्या ढीग येऊन पडले. साळू दगडापाशी गेली आणि थबकली. "ज्यानं दोर तपासला, त्यानं माझ्याशेजारी येऊन बसावं. मग मी बसते," ती म्हणाली.

माकडाने कानांवर हात ठेवले. "ते काम आम्ही खारींना दिलंय." खारी शेपट्या झाडत म्हणाल्या, "एवढ्या जाड दोराला आम्ही कुठल्या पुरणार? आम्ही उंदरांना सांगितलं." दोराची राखण उंदरांकडे! चोराच्या हाती किल्ल्या म्हणतात त्या याच. पण कामाचा खोळंबा पाहून अस्वलाचे डोके इतके फिरले होते, की उंदरांचे नाव त्याच्या कानात शिरलेच नाही. "भित्री कुठली! थांब, मीच बसतो," असे म्हणत ते दगडाखाली शिरले.

तोच बिळाच्या तोंडाशी आलेला एक उंदीर किंचाळला, "मालक, नको! दोर आतून उरलाच नाहीये!" साळू पाठमोरी झाली आणि काटे फुलवून थेट अस्वलावर धावली. काटे टोचताच ते कळवळून मागे उडाले आणि दोर तुटून दगड धाडकन खाली आला. जीव वाचला, पण पुढचा एक पंजा दगडाखाली सापडलाच.

अस्वल उंदरांवर गुरगुरू लागले. साळू पुढे झाली. ती म्हणाली, "उंदीर कुरतडणारच, मालक. पण घाणा तुमचा होता, आणि रोज त्या दगडाखाली मी होते." अस्वलाने मान खाली घातली.

आता दोर नवा आहे. तो वळायला माकडेच येतात. पण रोज सकाळी अस्वल त्याच अधू पंजाने तो टोकापासून टोकापर्यंत चाचपते. ते झाले की साळू खाली जाते. जाताना ती अजूनही एकदा वर पाहतेच.

तात्पर्य : काम दुसऱ्यावर सोपवता येते, त्याची काळजी सोपवता येत नाही.