हरलेल्यांचा स्तंभ

एका राज्यात माणसाचा मान बुद्धिबळाच्या पटावर ठरत असे. राजवाड्यासमोर कराल मांत्रिकाने रोवलेला काळा स्तंभ होता. खेळाडू जिंकला की स्तंभावरचे त्याचे नाव एक बोट वर चढे, हरला की एक बोट उतरे. आणि नाव तळाला टेकले की तो माणूस बसल्या जागी दगड होई. समोर कोण खेळला, हे स्तंभ पाहत नसे. म्हणून बलाढ्य खेळाडू नवख्यांनाच गाठून हरवीत.

एकोणीस वर्षांचा अरिंजय मात्र बलाढ्यांशीच खेळे. सात डाव हरून त्याचे नाव तळापाशी आले. आठवा डाव राजाने अरिंजयाच्याच थोरल्या बहिणीशी, कुमुदवतीशी, लावला. ती राज्यात पहिली होती. तिने मुद्दाम हरायचे ठरवले, पण अरिंजयाने ते ओळखले.

"ताई, खोटी खेळलीस तर मी पुन्हा पटाला हात लावणार नाही."

ती खरी खेळली. डाव संपला तेव्हा तिच्यासमोर दगड होता.

ती करालाच्या डोंगरावर गेली. कराल मेला होता. त्याची मैना तेवढी उरली होती. मैना म्हणाली, स्तंभाला न्यायाचा खरा नियम दे, शाप सुटेल. पण कामे तीन आहेत.

पहिले काम, विजयाचे मोल ठरवणे. कुमुदवतीने वर्षभर विचार केला. दुबळ्याला हरवणाऱ्याने तीळभर चढावे, बलाढ्याला हरवणाऱ्याने वीतभर. आणि एक जितका चढेल तितकाच दुसरा उतरेल, असा नियम तिने बांधला. दुसरे काम नवख्यांचे. त्यांचे बळ कोणालाच ठाऊक नसते, म्हणून त्यांचे डाव मोजावेत, पण वीस डाव होईतो त्यांचे नाव स्तंभावर चढवू नये, असे तिने ठरवले.

"आता तिसरे काम. स्तंभ रोवल्यापासूनचा प्रत्येक डाव या नियमाने पुन्हा मोज," मैना म्हणाली.

कुमुदवती गावोगाव फिरली. ज्यांची नावे उतरणार होती, त्यांनी दारे लावून घेतली. दगड झालेल्यांच्या बायकांना मात्र एकेक डाव तोंडपाठ होता. मोजता मोजता तिचे केस पांढरे झाले. तिचे स्वतःचे नाव पहिल्यावरून नवव्या जागी आले. तिने तसेच लिहिले. मग अरिंजयाचे डाव आले. वीस डाव तो खेळलाच नव्हता. त्याचे नाव स्तंभावर असायलाच नको होते. त्या दिवशी तिने पुढे काही मोजले नाही.

शेवटचा डाव नोंदला गेला आणि दगड जागे झाले. इतक्या वर्षांत जे दगड फुटले होते, ते उठले नाहीत. त्यांच्या घरी मैना सांगून आली. राजाने नवा न्याय लागू केला.

अरिंजयाने डोळे उघडले. समोर कुमुदवती होती.

"आजी, इथे माझी ताई बसली होती."

तिने सोंगट्या मांडल्या. सहाव्या चालीला तिने ताईच्याच सवयीने उंट सरकवला, तसा तो तिच्या सुरकुतलेल्या हाताकडे पाहत राहिला.

"किती वर्षं झाली, ताई?"

"सव्वीस."

तो पुष्कळ वेळ रडला. मग दोघांनी डाव पुरा केला. ती हरली. स्तंभावर तिचे नाव वीतभर उतरले, आणि ती आपल्या भावासमोर तशीच बसून राहिली, जिवंत.