दारावरचा पितळी मुखवटा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाचे डोंगर झिजून आता शेतं झाली आहेत. त्या काळी एका गावात भिवरा नावाची म्हातारी स्वतःच्याच घराच्या बंद दाराशी उभी राहून भांडत होती, आणि भांडण चांगलंच तापलं होतं.

"अहो, दार उघडा म्हणते ना! चालून चालून पायांचे तुकडे पडलेत माझ्या."

"उघडलं असतं हो बाई," तिचा नवरा सोनबा आतून म्हणाला, "पण मुखवटा म्हणतोय, तुम्ही अनोळखी आहात."

"तुम्ही? मला तुम्ही? सगळा जन्म गेला, आणि आज मान द्यायचं सुचलं होय!"

आता सोनबाला वेडा म्हणायच्या आधी जरा त्या मुखवट्याचं ऐकून घ्या. राजाच्या कारागिरांनी गावातल्या दारादारावर एकेक पितळी मुखवटा बसवला होता. त्याच्या पोटात चाकं फिरत. दाराशी कोणी आलं की तो चेहरा न्याहाळी आणि नाव सांगे. घरचं माणूस असलं की कडी आपोआप सरके. बसवला होता चोरांसाठी. चोर थांबले, लोकांना बरं वाटलं.

मग हळूहळू लोकांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघणंच सोडलं. कशाला बघायचं? मुखवटा सांगतोच की! पाळण्यातलं पोर उचललं, तरी आई ते आधी मुखवट्यासमोर धरी, आपलंच ना म्हणून. हसू नका. सवय लागली की चांगली शहाणी माणसंही असंच करतात. आणि राजाचा हुकूमच होता, मुखवट्याला जो अनोळखी, त्याला दिवेलागणीआधी वेशीबाहेर काढायचं. वेशीबाहेर जंगल होतं, आणि जंगलात लांडगे.

भिवरा गेली होती लेकीच्या बाळंतपणाला. तिथं तिचे पुढचे दात पडले, गाल बसले, उन्हानं रंग रापला. एवढ्यावर मुखवट्याची ओळख बुडाली.

"तुमच्या पाठीवर भाजल्याचा डाग आहे," ती दारावर थाप मारून म्हणाली. "तो मला कसा ठाऊक?"

"एखाद्या चोरानंही विचारून ठेवलं असेल."

"चोर काय तुमच्या पाठीची चौकशी करत हिंडतात?"

सोनबानं आतून दाराला कान लावला. मग सोनबा कापऱ्या आवाजात म्हणाला, "बोलणं तिच्यासारखं वाटतंय खरं. पण माझ्या वाटण्याला काय किंमत? मुखवटा कधी चुकत नाही."

गलका ऐकून शेजारची पारू बाहेर आली. भिवराला धीर आला. "अगं पारू, तुझी सगळी पोरं माझ्या हातावर जन्मली. सांग यांना!"

पारूनं आधी मुखवट्याकडे पाहिलं. मुखवटा म्हणाला, "अनोळखी." मग पारू अगदी गोड आवाजात म्हणाली, "कोण हो तुम्ही, आजी?"

भिवराच्या जिभेची धारच गेली. ऊन कलत होतं, वेशीवरचे शिपाई गल्लीत शिरले होते. तिनं बोचकं उचललं आणि पाठ फिरवली. तेवढ्यात आत सोनबाला खोकल्याची उबळ आली.

ती थबकली. "परत सुरू झाला ना खोकला? रात्री ताक ओरपलं असणार. आवळकाठी आणलीय तुमच्यासाठी, उंबऱ्यावर ठेवते. एकदम तोंडात कोंबू नका, चघळा. आणि कानाला फडकं बांधा."

आतून कडी ओढल्याचा आवाज आला. मुखवट्याची नव्हे, हातानं ओढायची जुनी गंजलेली कडी, कित्येक वर्षांत तिला कोणी हात लावला नव्हता. सोनबा उंबरा ओलांडून बाहेर आला आणि तिच्या तोंडाकडे बघतच राहिला.

"दात कुठं गेले गं तुझे?"

"पडले. आणि ही दाढी कसली?"

"तू नव्हतीस. कोणासाठी करायची? तू गेल्यापासून उंबराही ओलांडला नाही मी."

एवढ्यात पाठीमागं दार धाडकन लागलं. मुखवट्याचे डोळे सोनबाच्या दाढीवरून फिरले. "अनोळखी," तो म्हणाला. "दोघंही अनोळखी."

"अरे, घर माझं आहे!" सोनबा ओरडला. शिपायांनी त्याचा दंड धरला. मुखवटा पुन्हा तेच म्हणाला. तेव्हा मात्र म्हातारा ढेपाळला. डोळ्यांत पाणी आणून तो बायकोला विचारू लागला, "भिवरे, तो कधी चुकत नाही गं. मग मी नक्की मीच आहे ना?"

भिवरानं बोचकं सोडलं, त्याचं फडकं मुखवट्याच्या डोळ्यांवर घट्ट बांधलं, आणि नवऱ्याचा दंड शिपायाच्या हातातून सोडवून आपल्या हातात घेतला. मग ती सगळ्यांना ऐकू जाईल असं एकच वाक्य बोलली. ते ऐकून पारूनं कित्येक वर्षांनी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि "अगं बाई, भिवराआजी!" म्हणून तिच्या गळ्यात पडली. शिपाई एकमेकांची तोंडं बघू लागले, तर त्यातले दोघे सख्खे भाऊ निघाले. त्या दिवशी वेशीबाहेर कोणी गेलं नाही. पुढं गावानं सगळे मुखवटे उतरवले आणि त्यांच्या पितळेचे पाण्याचे हंडे करून घेतले.

भिवरा म्हणाली होती, "रडू नका, मी ओळखते ना तुम्हाला, पण एवढं ध्यानात ठेवा, आपलं माणूस ओळखायचं काम ज्यानं यंत्रावर सोपवलं, त्याला एक दिवस स्वतःच्याच दारात उभं राहून मी कोण म्हणून विचारावं लागतं."