दोराचा लिंब

पाव्हणं, पाराला मग टेका, आधी लिंबाकडे बघा. बुंध्याला कमरेच्या उंचीवर गोल खाच दिसते ना? मागं एक शहाणे आले होते, म्हणाले, किडीनं खाल्लंय. मी म्हटलं, साहेब, किडीला असं गोल खायला कुणी शिकवलं? ती खाच दोराची आहे. म्हणून हा दोराचा लिंब, आणि समोरचा उघडा माळ तो सर्कशीचा माळ. सर्कस कधीच बंद झाली, नाव राहिलं.

शिंगट्यांची सर्कस होती ती. सगळी घरचीच माणसं. सासू चुलीपाशी आणि सून झुल्यावर, असा कारभार. सुरुवात म्हणे एक बैलगाडी आणि दोन माकडांवर झाली. मग घोडे आले, हत्तीण आली, एका संस्थानिकानं चांदीची ढाल दिली. अशा भरात घाव बसला. कुठल्याशा गावी रोजंदारीच्या माणसानं तंबूच्या दोराला गाठ मारली, ती सुटली, आणि मालक खंडेराव शिंगट्यांचा धाकटा भाऊ झुल्यावरून खाली आला तो उठलाच नाही. तेराव्याला खंडेरावांनी बेलभंडारा उचलला. यापुढे आमच्या दोराला परक्याचा हात लागणार नाही, लागला तर त्याच दिवशी सर्कस मोडीन.

पुढं काही वर्षांनी चैत्राच्या जत्रेला ते आमच्या कातळवेढ्यात आले. गावाचं नावच कातळवेढे. हातभर खणलं की कुदळ ठणकन वाजते. घरच्यांनी मेखा ठोकल्या. विहिरी खणणाऱ्या घरातली सगुणाक्का तिथं उभी होती. बाई फटकळ, पण खोटं बोलायची नाही. म्हणाली, "मालक, ही मेख धरायची न्हाई. खाली कातूळ हाय. मधल्या खांबाचा दोर लिंबाला बांधा, आमची माणसं हात लावत्यात."

"बाई, आमचा दोर आम्ही बघतो," खंडेराव म्हणाले.

"बघा बापडे," म्हणून अक्का गेली तिकीट काढायला.

दुपारचा खेळ. तंबू गच्च भरलेला. खंडेरावांची लेक चांगुणा मधल्या खांबाच्या टोकाला, फळीवर उभी. झुला हातात घेणार, एवढ्यात माळावरून वावटळ आली. तंबू फुगला, आणि बाहेर मधल्या खांबाची मेख कातळावरून दात पडावा तशी निघाली. खांब कलला. खाली उतरायला एकच वाट, एकतीस पायऱ्यांची दोरशिडी, तीही हेलकावे खाणारी.

खंडेराव धावले. सुटलेला दोर पकडून त्यांनी लिंबाला वळसा घातला. वळसा बसला, पण गाठ मारायला दोर पुरेना. बुंध्याला पाय लावून ते एकटेच ताणून उभे राहिले. भाऊ, जावई आपापल्या दोरांना लोंबकळलेले. त्यांच्याही मेखा डुगडुगत होत्या, कुणाला हलता येईना. माणसं तंबूतून बाहेर पडली ती थेट लिंबाकडे आली. तर हा गडी ओरडतो, "हात लावू नका! देवाची आण आहे!"

आता काय करावं? आण मोडायची तर देवाचा कोप, न मोडावी तर पोर जाते. माणसं जागीच खिळली. वाऱ्याच्या प्रत्येक झोताला दोर बोटभर सरकत होता. खंडेरावांचे तळवे सोलले, दोर लाल झाला. तंबूच्या दाराशी उभा माणूस आत बघून, चांगुणा शिडीवरून उतरेल तशा पायऱ्या मोजत होता, "चार! पाच!"

सगुणाक्का पुढं आली. म्हणाली, "मालक, आण तुमची, पण पोर कुणाची?"

एवढंच. म्हणतात, खंडेरावांनी डोळे मिटले आणि लहान मुलासारखे रडले. "धरा," म्हणाले. "बाबांनो, धरा रे, धरा!"

अक्कानं नवऱ्याच्या डोक्यावरचा फेटा ओढला आणि दोराच्या टोकाला बांधला. परक्याची गाठ! खंडेरावांनी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "ह्याच गाठीवर माझा धनी रोज इहिरीत उतरतोय." मग फेट्याला फेटे जोडले गेले आणि गाव फेट्याला लागलं. दोर लिंबात रुतला. "वीस! एकवीस! बावीस!"

आणि आत काहीतरी कडाडलं. मोजणाऱ्याचा आवाज बंद झाला. धुळीत त्याला काही दिसेना. पोर आहे की गेली, कळेना. पण पाव्हणं, दोर एकानंही सोडला नाही. किती वेळ, ते कुणालाच नीट सांगता आलं नाही. मग दारातून बारीक आवाज आला, "आबा, उतरले."

शब्दाला जागणारा माणूस. रक्ताळल्या हातांनी खंडेराव भावांना म्हणाले, तंबू मोडा, कायमचा. तशी सगुणाक्का कडाडली, "परक्याचा हात लागला तर मोडायची न्हवं? मग आमाला परकं कोन म्हणतंय? पोर हितं दुसऱ्यांदा जन्मली. हे तिचं माहेर." तिनं तिथंच चांगुणेची ओटी भरली. तरी खंडेराव ऐकेनात, म्हणून माझ्या पणजोबांनी देवाला कौल लावला. आम्ही इथले गुरव. कौल उजवा आला, देवाच्या उजव्या अंगाचं फूल पडलं, म्हणजे सर्कस चालवायला देवाची मोकळीक. पणजोबांनीच फूल ढकललं असंही काही जण म्हणतात. म्हणोत बापडे! सर्कस पुढं चाळीस वर्षं चालली.

आजही चैत्रात शिंगट्यांच्या घरची एक लेक माहेरपणाला येते. जुना दोर लिंबाच्या खाचेत बसतो, त्याला फेटा बांधतात, घरटी एक माणूस धरतं. बावीसपर्यंत मोजायचं आणि गप्प व्हायचं. लेक "उतरले" म्हणेपर्यंत सोडायचा नाही.

तीन वर्षांमागं चांगुणेची खापरपणती पहिल्यांदाच एकटी आली. दरवर्षी येणारी तिची आई आदल्याच माघात वारली होती. आम्ही बावीस मोजले. पोर समोर उभी, पण तोंडातून शब्द फुटेना. कुणी घाई केली नाही. ऊन कलतं झालं, माझे तर हात भरून आले, पण सोडतो कोण? शेवटी ती म्हणाली, "उतरले."

सरपंचबाईंनी विचारलं, "नक्की ना गं, बाय?"

तिनं मान हलवली, तेव्हा आम्ही दोर सोडला.