दिवसा सांगू नये अशी गोष्ट

"तुमच्या गोष्टीतला तो ससा खोटारडा आहे, गोगो. एवढं तरी मान्य?"

"आहे."

"चोर आहे."

"आहे की."

"मग दर वेळी सुटतो कसा?"

मादलामिनी आजी चटईसाठी गवत वळत होती. त्या झुलू वस्तीतली सगळी पोरं तिला गोगो, म्हणजे आजी म्हणत आणि तिच्या गोष्टींवर वाढत. थेम्बेकासुद्धा तशीच वाढलेली. पण आता ती शिकून मास्तरीण झाली होती, एका मुलीची आईही. मुलं कशी वाढवावीत हे तिला पाठ होतं. धाकधूक तेवढी जात नव्हती.

सहा वर्षांची नोसिफो काल धडधडीत खोटं बोलली होती. वर म्हणाली, ससा नाही का बोलत?

"सिंहाच्या पाणवठ्यावर चोरून पितो, आणि झोपलेल्याच्या तोंडाला चिखल फासून, आळ त्याच्यावर ढकलून मोकळा होतो. यातून पोरीनं काय घ्यायचं? सांगा ना ती गोष्ट, आत्ता, माझ्यासमोर."

"दिवसा?" म्हातारीने कपाळाला बोट लावलं. "दिवसा गोष्ट सांगणाऱ्याला शिंगं फुटतात, बाई. रात्री ये."

"मी येणार नाही. आणि आजपासून नोसिफोही येणार नाही."

...

तेवढ्यात नोसिफोच धापा टाकत आली. गुडघे चिखलाने माखलेले. पाठोपाठ घोड्याच्या टापा.

शेतमालकाचा राखणदार. वस्तीने खणलेल्या तळ्याला मालकाने तारेचं कुंपण घातलं, तेव्हापासून हा चाबूक घेऊन फिरे.

"एक पोर तळ्यावर पाणी चोरत होतं. इकडेच पळालं."

म्हातारीचे हात थांबले नाहीत. "मास्तरणीला विचार. ती खोटं बोलत नाही."

थेम्बेकाने मुलीला मांडीवर ओढून तिच्या गुडघ्यांवर आपली शाल पसरली होती.

"ही तर सकाळपासून तापाने फणफणलीय. शाळेत गोवराची साथ आहे. तुम्हांला येऊन गेलाय ना? मग या, जवळून बघा."

घोडा दोन पावलं मागे सरला.

"पळणारा दिसला मला," थेम्बेका त्याच्या डोळ्याला डोळा देत म्हणाली. "नदीकडे गेला. मुलगा होता. कान जरा मोठे."

टापा लांब गेल्या, तेव्हा कुठे तिने मुलीच्या गुडघ्यांवरची शाल काढली.

"गोगो... मी..."

म्हातारी उठली. थेम्बेकाच्या कपाळावरून दोन्ही अंगठे सावकाश चाचपत फिरवले.

"ऊन तर डोक्यावर आहे," ती म्हणाली, "आणि शिंगं कुठेच लागत नाहीत... बस. पुढची गोष्ट सांग."