बोयीचा ठसा

आमच्या कातळखोलच्या होड्या पुढून फुगीर आणि मागून निमुळत्या असतात. बाहेरची माणसे बघून हसतात. हसू दे. कारण ऐकले की गप्प बसतात.

समोर खाडीचे तोंड दिसते, तिथे पाण्याखाली वाळूचा बांध आहे. ओहोटीला खाडी बाहेर धावते, समुद्र आत येतो, दोघे तिथे भिडतात. पूर्वी होडीचे पुढचे टोक, म्हणजे नाळ, सुरीसारखी पातळ करत. पाणी कापले जाईल असा समज. ती नाळ लाटेत घुसायची, वर यायची नाही. धाकू मेस्त्रीने बांधलेल्या होडीत त्याचा सख्खा भाऊ असाच गेला, असे सांगतात. अशा होड्या बुडतच राहिल्या, तेव्हा गावकराने, म्हणजे गावच्या प्रमुखाने, ठरवले, वस्ती उठवायची. धाकू म्हणाला, एक होडी बांधू द्या. बुडाली तर लाकूड तासायचा हा वाकस समुद्रात टाकीन.

तो त्या बांधाजवळच्या खडकावर जाऊन बसला. धारेत बोयी होत्या. एवढ्या ओढीत मासळी वाहून जात नव्हती, नुसती शेपूट हलवत उभी होती. धाकूने एक धरली, ओल्या वाळूत आडवी दाबली, सोडून दिली. ठसा पाहिला. डोके जाड, शेपूट बारीक. आपण आजवर मासा उलटा बांधत होतो, हे त्याला कळले.

त्या ठशावरून होडी उभी राहिली. गावकर म्हणाला, "मेस्त्र्या, होडी केलंस की गाभण म्हैस?"

"म्हैस पोहता, गावकारानू. सुरी बुडता."

पण तीत बसायला कोणी तयार होईना. शेवटी त्या बुडालेल्या भावाची बायको आवडी पुढे आली. "भावोजी, पुढचा वल्ला माका द्या. बुडलो तर तुमच्या भावाक काय सांगूचा, ता आताच ठरवा."

धाकूने तिच्या हातात पुढचे वल्हे दिले आणि स्वतः मागे बसला.

भर ओहोटीला दोघे निघाली. पहिल्याच लाटेत नाळ दिसेनाशी झाली. मग ती पाण्याखालून वर आली, बांधावर चढली आणि मोकळ्या समुद्रात उतरली. धाकूने होडी वळवून बांध परत पार केला. नशीब म्हणायला कोणाला जागा राहू नये म्हणून पुन्हा बाहेर गेला, म्हणे. ती दुसऱ्यांदा आत आली तेव्हा गावकराने स्वतः छातीभर पाण्यात उतरून होडी ओढून घेतली.

वस्ती उठली नाही. आजही नवी होडी बांधायला घ्यायची तर मेस्त्री आधी ओल्या वाळूत जिवंत बोय दाबतो आणि पाण्यात सोडतो. पहिली फेरी भर ओहोटीलाच होते, पुढच्या वल्ह्यावर घरची बाई बसते. त्या बांधावर आमची होडी बुडाली असे कोणी सांगितले, तर त्याला माझ्याकडे पाठवा.