खुल्या ड्रायव्हरातलं नाक

मिरजेच्या चित्रकला महाविद्यालयात सगळे संगणक लिनक्स या खुल्या प्रणालीवर चालत. पडद्यावर चित्र उमटवणारा त्यांचा ग्राफिक्स ड्रायव्हर हा प्रोग्रामही खुला होता. कुणीही त्याचा कोड वाचावा, दुरुस्त करावा. एकदा या संगणकांतलं ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या कंपनीतले बडे अधिकारी श्रीरंग मोहोळकर आपला बंदिस्त ड्रायव्हर गळ्यात मारायला आले. प्राचार्य जवळजवळ तयारही झाले.

"खुल्या ड्रायव्हरात कुणीही उठतो आणि नाक खुपसतो!" मोहोळकर तोऱ्यात म्हणाले.

संगणक शिकवणाऱ्या सुहासिनीबाई मोहोळकरांच्याही जुन्या शिक्षिका. त्या हसून म्हणाल्या, "अरे श्रीरंगा, इतकी नाकं असतात म्हणून तर करपल्याचा वास लगेच येतो. तुझ्या झाकलेल्या पातेल्यातलं मात्र पानात वाढल्यावरच कळतं!"

प्राचार्य खो खो हसले. मोहोळकर ओशाळले, मग स्वतःही हसत बाईंच्या पाया पडले.

खुला ड्रायव्हर राहिला. पुढे त्यातली एक चूक हेरून दुरुस्त केली, ती मोहोळकरांनीच.